मांडीवर श्वासाची पिशवी

नाशिकला आठ दिवस राहून मी एकही देऊळ पाहिलं नाही, हे कळल्यापासून आमच्या आळीतल्या बायका माझ्याशी जरा जपूनच बोलतात. पंचवटी? नाही. त्र्यंबक? नाही. निदान काळा राम? तोही नाही. मग आठ दिवस केलंस काय, असं विचारलं की मी खरं ते सांगते. एका गृहस्थाचा श्वास पिशवीत भरून मांडीवर घेतला आणि पिंपळगाव बसवंतहून नाशिकला नेऊन पोचवला. यावर समोरची बाई हमखास विषय बदलते. म्हणून म्हटलं, सगळं एकदा नीट लिहूनच काढावं.

मी चिपळूणची. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्याहून जास्त मन लावून कॉप्या पकडल्या. बाहीतल्या, बुटातल्या, कंपासपेटीच्या झाकणातल्या. माझी थोरली बहीण सुमनताई पोस्टात लागली, तिची बदली पिंपळगावला झाली आणि ते पार्सल काही परत आलं नाही. तिथल्याच एका द्राक्षबागायतदाराशी तिने लग्न केलं. ते आमचे दाजी. माणूस दिलदार, बोलायला तिखट आणि हट्टाला खेचर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. जन्मात बिडीला हात न लावलेला माणूस, पण रोग काही चौकशी करून येत नाही. फुप्फुसाचा एक भाग काढला, औषधं झाली, दाजी पुन्हा बागेत जाऊ लागले. त्या दोन वर्षांत ताई एकदाही माहेरी आली नव्हती. यंदा आमचं ठरलं होतं: फेब्रुवारीत मी द्राक्षं खायला तिच्याकडे जायचं आणि मे महिन्यात तिने दोन महिने आंबे खायला माझ्याकडे यायचं.

पहिला दिवस: कांद्याच्या गावात बिनकांद्याचं जेवण

पिंपळगावात उतरलं की डोळ्यांआधी नाक कामाला लागतं. कांद्याचे ट्रॅक्टर, द्राक्षांचे टेम्पो, शीतगृहं आणि पॅकहाउसच्या रांगा, आणि या सगळ्यावर कांद्याचा एक उग्र, भूक चाळवणारा वास. आमच्याकडे पाहुण्याला कुठल्या माशाचं जेवण मिळणार हे वासावरून कळतं. त्याच हिशेबाने मी इथे झणझणीत शेवभाजी, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा गृहीत धरून बसले होते.

ताटात आलं ते फिकं वरण, दुधी आणि बाजरीची भाकरी. कांदा नाही, लसूण नाही, हिंगसुद्धा नाही. मी ताईकडे पाहिलं. ताईने फ्रीजवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. दोन दिवसांनी दाजींचा फुंकायचा दिवस होता.

नाशिकच्या एका दवाखान्यात एक नवी तपासणी अजमावून पाहतायत, त्यात दाजींनी नाव दिलं होतं. दर तीन महिन्यांनी पिशवीत श्वास भरून द्यायचा. सुई नाही, रक्त नाही, काही नाही. पण आधीचे दोन दिवस कांदा-लसूण बंद, तंबाखू-मिश्री बंद, घरात उदबत्ती नाही, बागेत फवारणीच्या जवळ जायचं नाही. सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याने चूळ भरायची आणि फुंकायचं. एकट्या दाजींना फिकं कसं वाढायचं, म्हणून सगळं घरच दोन दिवस अळणी. पिशवी घरीच भरायची, कारण दवाखान्यात स्पिरिटचा वास असतो. शिवाय त्याच खोलीतल्या हवेची दुसरी पिशवी द्यायची, म्हणजे घरातला वास कुठला आणि माणसाचा कुठला, ते वेगळं काढता येतं.

मी चिपळूणहून हौसेने सुकट नेली होती. ताईने ती तीन पिशव्यांत गुंडाळून मागच्या खोलीत, खताच्या पोत्यांपलीकडे नेऊन ठेवली. माझ्या सुकटीचा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता.

जेवताना दाजींनी माझी यथेच्छ टिंगल केली. कोकणातले लोक समुद्राशेजारी राहून मीठ विकत आणतात वगैरे. मीही गप्प बसले नाही. पण एक गोष्ट मला खटकली. त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली, आणि हात धुवायला गेल्यावर नळ मोठा सोडला. नळाच्या आवाजाआड ते खोकत होते. परीक्षेत अशी मुलं मी खूप पाहिलीत. मी ताईला काही बोलले नाही.

दुसरा दिवस: कोपरापर्यंत हात

सकाळी बाग पाहिली. काढणी चालू होती. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बाया हातात कात्री घेऊन मांडवाखाली वाकून फिरत होत्या आणि घड असे उतरवत होत्या की एका मण्यालाही बोट लागू नये. मण्यावर एक पांढरट लव असते, बोट लागलं की ती जाते आणि भाव पडतो. मला एक घड तोडायला दिला. मी तो हापूस धरतात तसा तळहातावर धरला, तर बाया तोंडाला पदर लावून हसल्या. देठाला धरायचा असतो.

दाजींच्या शर्टाच्या खिशात, जिथे मास्तर लोक पेन लावतात तिथे, प्लॅस्टिकची एक पट्टी असते. पट्टीला वेगवेगळ्या मापाची गोल भोकं. मणी त्यात घालून पाहायचा. सोळा एमएमच्या भोकातून खाली पडला की त्याला परदेश नाही. दाजी बोलता बोलता सवयीने मणी मोजत होते, आपण कुंडीतलं पिवळं पान काढतो तसं. छाटणीनंतर घडातले बारीक मणी खुडूनच टाकतात, म्हणजे उरलेले पोसतात, हेही त्यांनी दाखवलं. बोलताना त्यांचा कमरेचा पट्टा दिसला. त्याला शेवटच्या भोकाच्याही पुढे खिळ्याने पाडलेलं एक नवं भोक होतं.

दुपारी त्यांनी मला कांद्याच्या लिलावाला नेलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या लांबच लांब रांगा, आणि एकेका ट्रॉलीभोवती व्यापाऱ्यांचा घोळका. बोली इतकी भरभर चालते की मला आकडे कळायच्या आत ट्रॉली विकली जायची, आणि मी गणिताची बाई. पण पाहण्यासारखी गोष्ट दुसरीच होती. वर मांडलेल्या लालबुंद, गोल गरगरीत कांद्यांकडे एकही व्यापारी बघत नव्हता. येणारा प्रत्येक जण सरळ ट्रॉलीत कोपरापर्यंत हात खुपसून खालचा कांदा ओढून काढत होता.

मी विचारलं, मग वर चांगला लावायचाच कशाला? दाजींना माझी कीव आली.

"आता तू चिपळूनहून येताना नवी साडी नेसून आलीस का नाय? तसंच हाय ते. माल दाखवायचा तर चांगलाच दाखवायचा. हात घालायचा त्यो घालतोच."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

तिसरा दिवस: मांडीवर पिशवी

पहाटे साडेपाचला दाजींनी मला उठवलं. ताई मारुतीला गेली होती, ती रोज जाते. दाजींच्या हातात चंदेरी प्लॅस्टिकची, उशीच्या आकाराची चपटी पिशवी होती, कोपऱ्यात छोटी नळी. त्यांनी सांगितलं की या वेळी घरातल्या एका निरोगी माणसाचा श्वाससुद्धा मागितलाय. म्हणजे तीन पिशव्या जाणार: त्यांची, खोलीची आणि घरच्या माणसाची. ताईला पहाटे दम लागतो, तेव्हा मीच फुंकावं.

मला संशय यायचं काही कारण नव्हतं. उलट अभिमानच वाटला. त्यांनी शिकवल्याप्रमाणे आधी पाण्याने चूळ भरली, पहिला अर्धा श्वास बाहेर सोडून दिला आणि उरलेला, छातीच्या तळातला, पिशवीत भरला. तीन-चार दमांत पिशवी टम्म. दाजी म्हणाले, "लय भारी. खाऱ्या वाऱ्याची छाती हाय ही." मग माझी भरलेली पिशवी उचलून, स्वतःची भरायला ते आतल्या खोलीत गेले. मेहुणीसमोर फुंकायला लाज वाटते म्हणाले.

बाहेर आले तेव्हा हातात पिशव्या दोनच. तिसरी कुठे विचारलं, तर म्हणाले, तुझीच फुटली. कोकणातला दम तिला सोसवला नाही. आणि वाचकहो, सांगायला लाज वाटते, पण मी खूश झाले. तीनमधून एक गेली, उरल्या दोन. ही वजाबाकी मी तीस वर्षं मुलांना शिकवली, आणि ऐन वेळी माझंच लक्ष हातच्याकडे नव्हतं.

पिशवी चार तासांच्या आत पोचवायची, उन्हात ठेवायची नाही, दाबायची नाही, टोचू द्यायची नाही. दाजी गाडी चालवत होते, शेजारी ताई, आणि मागे मी, मांडीवर दोन पिशव्या. मी लहान मुलं मांडीवर घेऊन घाट उतरले आहे, घागर घेऊन होडीत बसले आहे, पण हवा सांभाळण्याचा प्रसंग पहिलाच. साडीची पिन आधीच काढून ठेवली. मुंबई-आग्रा रस्त्यावर खड्डा आला की मी पिशव्या छातीशी धरायची आणि दाजी आरशातून बघून हसायचे. ओझरच्या पुढे पेट्रोल भरायला थांबलो, तर पेट्रोलचा वास आत जाईल या भीतीने मी पिशव्या घेऊन रस्त्याच्या कडेला दूर पळाले. एका रसवंतीवाल्याने विचारलं, मावशी, फुगे केवढ्याला? मी म्हटलं, विकायचे नाहीत, यात आमच्या दाजींचा श्वास आहे. तो बिचारा हात जोडून मागे सरकला. त्याने काय अर्थ घेतला असेल, ते मला गाडीत बसल्यावर कळलं.

तोच दिवस, नाशिक: सोन्याचे ठिपके

तपासणीच्या खोलीत निकिता नावाची मुलगी होती, तिशीतली असेल, बागलाणातल्या नामपूरची. वडिलांची तिथे कांद्याची आडत होती. तिने पिशव्यांचे नंबर लिहून घेतले आणि मला यंत्र दाखवलं. माझी निराशाच झाली. दोन कप्प्यांच्या डब्याएवढी पेटी, आणि तिच्यात नखाएवढी एक चकती. चकतीवर ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यात सोन्याचे कण, इतके बारीक की डोक्याच्या एका केसाच्या जाडीत हजारो कण रांगेने बसावेत. ताईने लगेच विचारलं, माझ्या मंगळसूत्रातल्या एका मण्याचे किती होतील? निकिता म्हणाली, मावशी, सगळ्या तालुक्याची तपासणी होईल.

तिने जे समजावलं ते मला असं कळलं. कॅन्सरच्या पेशींचा संसार वेगळा, त्यांच्या चुलीचा धूरही वेगळा. तो धूर अगदी कणभर रक्तात उतरतो आणि श्वासातून बाहेर पडतो. माणसाच्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही. पण तो सोन्याच्या कणांच्या मधल्या फटींत जाऊन बसला की त्यातून वाहणारी वीज किंचित अडते. एकेका ठिपक्यावर वेगवेगळा लेप, त्यामुळे कुठे जास्त अडते, कुठे कमी. त्या सगळ्याची मिळून पडद्यावर एक रेघ उमटते.

मी विचारलं, मग चांगली रेघ कशी असते? ती म्हणाली, चांगली-वाईट असं सगळ्यांना एकच माप नाही. माणूस काय खातो, कुठे राहतो, त्यावर ते ठरतं. यंत्र दाजींची तुलना फक्त दाजींशीच करतं. ऑपरेशननंतर पहिल्या सहा वेळा तिने घरी येऊन त्यांच्याकडून समोर फुंकून घेतलं होतं, त्या त्यांच्या मूळ रेघा. आता त्यापासून रेघ सरकली की समजायचं, आत काहीतरी बदललंय. तेही नुसतं समजायचं. तपासणी अजून शिकाऊ आहे, फुंकरीवर कोणी औषध देत नाही. खात्री करायला सीटी स्कॅन असतोच.

हे ऐकताना दाजी खिडकीबाहेर बघत होते.

निकाल दुपारी मिळणार होता, म्हणून आम्ही मिसळ खायला गेलो. नाशिकमध्ये मिसळ खायला शेतावर जातात हे मला नवीन होतं. झोपाळे काय, बैलगाडी काय, शेवटी जिलेबी आणि दही. आमच्याकडे माणूस भूक लागली की खातो, इथे आधी झोके घेतो. दोन दिवसांच्या उपासानंतर मी कांद्याच्या दोन वाट्या संपवल्या. दाजींनी पहिल्यांदाच माझी टिंगल केली नाही. त्यांच्या मिसळीवरची तर्री तशीच निवत होती, आणि तेवढ्यात फोन वाजला. निकिताने तिघांनाही परत बोलावलं होतं.

पडद्यावर दोन रेघा होत्या. एक जुनी, एक आजची. त्या दोघींचं एकमेकींशी काही नातं नाही, हे मलासुद्धा दिसत होतं. ताईने माझा हात घट्ट धरला. निकिता मात्र रेघेकडे बघतच नव्हती, ती दाजींकडे बघत होती. आणि तिच्या तोंडून तिची घरची अहिराणी बाहेर पडली.

"काका, हाऊ श्वास तुमना नही शे."

मग तीच नेहमीच्या मराठीत म्हणाली की हा श्वास तुमचा नाही. आजार वाढला तर रेघ सरकते, पण माणूस बदलत नाही. ही रेघ तुमची नाही, दुसऱ्याच कुणाची आहे. तिच्या वडिलांच्या आडतीवर तिने लहानपणापासून ट्रॉल्या पाहिल्यात, वर लावलेला माल तिला ओळखू येतो.

दाजी खाली बघत होते. ताई दाजींकडे. आणि माझ्या डोक्यात ती तिसरी पिशवी फुटली. ती फुटली नव्हतीच. माझ्या मांडीवर बसून, दाजींच्या नंबराने, ती इथवर आली होती. जिने तीस वर्षं वर्गावर्गातून कॉप्या पकडल्या, तीच बाई स्वतः कॉपी होऊन परीक्षेला बसली होती. मला रागही आला आणि हसूही येऊ लागलं. दोन्ही एकदम आल्याने मी नुसतीच खुर्चीवर बसले.

"नमुना द्यायचा तर कोनी खराब घड देतं का?" दाजी शेवटी म्हणाले. "बागेत द्राक्षांवरचं औषध तपासाया लॅबवाले येतात तवा आपन त्यांना चांगल्याच वेलीकडं नेतो. तसंच झालं ते."

यावर निकिताने शांतपणे विचारलं, की मग लॅबवाले स्वतःच्या हाताने, कुठल्याही वेलीचा घड का तोडतात? मी मध्येच विचारून घेतलं की निदान माझा श्वास तरी चांगला निघाला ना. ती म्हणाली, एका नमुन्यावरून काही सांगता येत नाही, मावशी. म्हणजे बक्षीस कुणालाच नाही.

मग ताई बोलली. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर ओरडेल. ती पोस्टाच्या खिडकीतून बोलते त्या आवाजात म्हणाली, "पट्ट्याला नवं भोक पाडलंत, ते मी संक्रांतीलाच पाहिलं. नळ सोडून खोकता, तेही ऐकते. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

दाजींनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवण्याचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. "दोन वर्सं तू माज्यापायी माहेराचं तोंड पाह्यलं नाय," ते म्हणाले. "आता कुठं जायचं ठरलं. रिपोट खराब आला तर तू जानार नाय, हे मला ठावं हाय. आंबे सरू द्यायचे व्हते मला. मंग सांगनारच व्हतो."

माझा राग तिथेच संपला. मी ज्या आंब्यांची आमिषं फोनवरून दाखवत होते, त्यांच्यासाठी हा माणूस आपला खोकला चार महिने गिळायला निघाला होता. खरं सांगते, मला तेव्हा आंब्याची चीड आली.

चौथा दिवस: आहे तसा माल

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाट, पुन्हा चूळ. आदल्या दिवशी आम्ही दोघी कांद्यात न्हाऊन निघालो होतो, पण दाजींनी मिसळीला हात लावला नव्हता, त्यामुळे त्यांचा उपास शाबूत होता. या वेळी ते आतल्या खोलीत गेले नाहीत. पडवीत खुर्ची टाकून बसले. समोर ताई, बाजूला मी, कडक सुपरवायझर.

त्यांनी अर्धा श्वास सोडला आणि नळी तोंडात धरली. माझी पिशवी चार दमांत भरली होती. त्यांना अकरा लागले. मध्ये दोनदा खोकला आला, तेव्हा नळी बंद करून थांबले, पुन्हा फुंकू लागले. पिशवी इतकी हळूहळू फुगत होती की ताई आणि मी नकळत आमच्याही छात्या फुगवून बसलो होतो. भरल्यावर त्यांनी नळी बंद केली, नंबर स्वतःच्या हाताने लिहिला आणि पिशवी ताईच्या मांडीवर ठेवली. माझ्यावरचा विश्वास उडाला असावा.

नाशिकपर्यंत कुठे थांबावं लागलं नाही. पेट्रोल आदल्या दिवशीच भरलेलं होतं. तो रसवंतीवाला मात्र दिसला. मी काचेतून हात हलवला, त्याने पुन्हा हात जोडले.

रेघ दाजींचीच होती. आणि ती सरकली होती. फार नाही, पण निकिताने बोट ठेवून दाखवली तिथे दोन ठिपके जुन्या रेघेपासून वर उचलले होते. सीटी स्कॅन खरा चार महिन्यांनी, जूनअखेर व्हायचा होता, तो डॉक्टरांनी लगेच दुसऱ्या दिवशीचा ठरवला. दाजी ऐकून घेत होते. मग त्यांनी निकिताला विचारलं, यात चूक असू शकते ना? ती म्हणाली, असू शकते, म्हणून तर सीटी. तिने खोटा धीर दिला नाही, याचं मला फार बरं वाटलं.

सहावा दिवस: किती एमएम?

मधला दिवस सीटीत आणि मग निकालाची वाट पाहण्यात गेला. त्या दिवसाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. ताईने सगळे डबे घासले, मी घासलेले डबे पुन्हा घासले.

सहाव्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यावर फुप्फुसाचे काप दाखवले, एकामागून एक. दाजींचं सगळं आयुष्य आडवं कापून मांडल्यासारखं ते दिसत होतं. डाव्या बाजूला एका कापावर डॉक्टरांनी पेन ठेवलं. पांढरा, गोल, बारीक ठिपका. मागच्या स्कॅनमध्ये तो नव्हता. ताईची बोटं माझ्या मनगटात रुतली.

दाजींनी खुर्ची पुढे ओढली.

"किती एमएम?" त्यांनी विचारलं.

"आठ," डॉक्टर म्हणाले.

दाजींनी खिशातून ती प्लॅस्टिकची पट्टी काढली. आठाचं भोक तिच्यावर नव्हतंच, सगळ्यात लहान भोक चौदाचं. त्यांनी ती पडद्यावरच्या ठिपक्याशेजारी धरली, एक डोळा मिटून पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकले.

"हा तर रिजेक्ट माल," ते म्हणाले. "असला मनी आम्ही घडावर ठेवत नाय. टाका खुडून."

डॉक्टर आधी चकित झाले, मग मोठ्याने हसले. ताई हसली, आणि हसता हसता जी रडायला लागली ती थांबेचना. मी तिला पाणी दिलं आणि उरलेलं स्वतः प्यायले. मग डॉक्टरांनी नीट सांगितलं. ठिपका एकटाच दिसतोय, तो जुन्या आजाराचाच आहे का हे सुईने कण काढून तपासावं लागेल. फुंकून सापडलेल्याची खात्री शेवटी सुईच करते. तसा निघाला तर एवढ्या लहानाला शस्त्रक्रियाही कदाचित लागणार नाही, नेमक्या जागी किरणं देऊन जाळता येईल. जूनअखेरपर्यंत तो वाढला असता. किती, ते कोणी सांगू शकत नाही. आणि खोट्या पिशवीवर सगळे निर्धास्त राहिले असते, हे डॉक्टर बोलले नाहीत, पण दाजींच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं.

निघताना दाजी निकिताच्या खोलीत गेले. माफी वगैरे मागणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी तिच्या टेबलावर द्राक्षांची पेटी ठेवली आणि म्हणाले, "हात घालून बघ."

चिपळूण, परतल्यावर

मलाही निघताना एक पेटी मिळाली. आंब्याची पेटी उघडताना आमच्याकडे आधी वास घेतात. ही मी वेगळ्या पद्धतीने उघडली. वरचे घड बाजूला केले नाहीत, त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कडेने कागदाखाली बोटं घातली आणि अगदी तळातला घड ओढून काढला. देठाला धरून. प्रत्येक मणी अठराचा असेल, लव जशीच्या तशी. मग वरचे पाहिले. तेही चांगले होते, पण तळातले त्यांच्याहून सरस होते. आयुष्यभर चांगला माल वर लावणाऱ्या माणसाने एक पेटी उलटी भरली होती.

त्यानंतर सुईची तपासणी झाली. ठिपका जुन्याच आजाराचा निघाला. किरणांच्या पाच बैठका झाल्या. एप्रिलात दाजींचा आवाज खोल गेला होता, आता पुन्हा तिखट झालाय. ताई आंब्यांना आली नाही, मी तिला ये म्हटलंही नाही. शेजारच्या बागेतला आंबा पेटीत भरून मीच तिकडे पाठवला, आणि दोघांनी मिळून तो संपवला.

काल दाजींचा फोन आला. तीन महिन्यांची पिशवी परवा गेली होती. उचललेले दोन ठिपके खाली आलेत, जुन्या रेघेच्या जवळ, अजून अगदी तिच्यावर बसलेले नाहीत. सीटी पुढच्या महिन्यात आहे. हे सगळं त्यांनी भाव सांगावा तसं सांगितलं. आषाढ लागला की ताईला घेऊन येतो म्हणाले, आंबे नसले तरी चालेल, तुझी ती सुकट खाऊ.

मी सवयीने विचारलं, पिशवी किती दमांत भरली?

"नऊ," ते म्हणाले. "मोज पाहिजे तर तुझ्या बहिनीला विचारून. माझेच व्हते."